केळकर, विजय लक्ष्मण

(१५ मे १९४२ – ). भारतीय अर्थतज्ज्ञ, प्रशासक व अध्यापक. केंद्र-राज्य वित्तीय संबंध, करसुधारणा आणि प्रादेशिक समतोल या विषयांतील कार्यासाठी प्रसिद्ध.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६३ मध्ये पदवी घेतल्यावर केळकर अमेरिकेत गेले. मिनेसोटा विद्यापीठातून एम.एस. (१९६५) व कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून अर्थशास्त्रात पीएच.डी. (१९७०) त्यांनी मिळवली. हैदराबादचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज, जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था आणि काठमांडूचे आर्थिक विकास व प्रशासन केंद्र येथे त्यांनी अध्यापन केले.

१९९१ नंतर जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेत (अंक्टाड) ते आंतरराष्ट्रीय व्यापार विभागाचे संचालक होते. मायदेशी परतल्यावर पेट्रोलियम सचिव आणि १९९८-९९ मध्ये वित्त सचिव ही पदे त्यांनी सांभाळली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळावर भारत, बांगलादेश, श्रीलंका व भूतान या देशांचे प्रतिनिधित्व केले.

२००२ मध्ये प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष करांविषयीच्या कृतिदलांचे ते अध्यक्ष होते. सवलती कमी करून करपाया रुंद करावा, प्राप्तिकराची करमुक्त मर्यादा एक लाख रुपये करावी आणि करवसुली संगणकीय जाळ्यावर आणावी, असा त्यांच्या शिफारशींचा गाभा होता. वित्तीय उत्तरदायित्वाविषयीच्या २००४ च्या कृतिदलाने देशव्यापी वस्तू व सेवा कराचा आग्रह धरला. ते अध्यक्ष असलेल्या तेराव्या वित्त आयोगाने (२०१०–१५ साठी) केंद्रीय करांच्या विभाज्य निधीतील राज्यांचा वाटा ३०·५ वरून ३२ टक्के केला आणि वस्तू व सेवा कराचा एकच दर असावा, ही कल्पना उचलून धरली. १ जुलै २०१७ रोजी हा कर प्रत्यक्षात आला तो मात्र अनेक दरांनिशी.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली ती समतोल प्रादेशिक विकासाची उच्चस्तरीय समिती. राज्य शासनाने २०११ मध्ये नेमलेल्या या समितीने ऑक्टोबर २०१३ मध्ये अहवाल दिला व डिसेंबर २०१४ मध्ये तो विधिमंडळापुढे आला. प्रादेशिक असमतोलाचा आधी अभ्यास केलेल्या वि. म. दांडेकर समितीने (१९८३-८४) जिल्हा हा घटक धरून विकासाची राज्य सरासरीशी तुलना केली होती आणि सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष (सरासरीपेक्षा मागे राहिलेली तूट) काढला होता. केळकर समितीपुढे तालुका हा घटक होता. त्यामागील कारण बीडसारख्या जिल्ह्यात सहज दिसते. गेवराई, माजलगाव या गोदाकाठच्या तालुक्यांना जायकवाडीचा उजवा कालवा व सिंदफणेवरील माजलगाव धरण यांचा आधार आहे. बालाघाटाच्या पठारावरील पाटोदा व चौसाळा परिसर पावसावर विसंबून आहे. जिल्ह्याची सरासरी हा फरक झाकते. मात्र चौसाळा ज्या बीड तालुक्यात आहे तोही सिंदफणेचे खोरे व पठार असा दुभागलेला आहे. म्हणजे तालुक्याची सरासरीही पूर्ण चित्र देत नाही.

तालुका घटक धरल्यास पश्चिम महाराष्ट्रातील अवर्षणग्रस्त तालुकेही निधीचे वाटेकरी होतील आणि विदर्भ-मराठवाड्याचा जुना अनुशेष मागे पडेल, असा आक्षेप या दोन विभागांतून घेतला गेला. प्रादेशिक विकासासाठी संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता.

पुणे इंटरनॅशनल सेंटरच्या स्थापनेत केळकरांचा पुढाकार होता. त्यांना २०११ मध्ये पद्मविभूषण प्राप्त झाले. अजय शहा यांच्यासह लिहिलेल्या इन सर्व्हिस ऑफ द रिपब्लिक (२०१९) या ग्रंथात त्यांनी शासनाची कार्यक्षमता मर्यादित असते हे गृहीत धरून धोरणे आखावीत, असे प्रतिपादन केले आहे. बाजारव्यवस्था जेथे अपुरी पडते तेथेच शासनाने उतरावे आणि संस्था बळकट करत सुधारणा टप्प्याटप्प्याने पुढे न्याव्यात, ही त्यांची भूमिका आहे.