इतिहासकाराशी संवाद : आर्तिगाचा खटला आणि पुराव्याची मर्यादा

इतिहासकाराचा ग्रंथ निष्कर्ष सांगतो. ते कोणत्या शंकांतून निघाले, हे बहुधा त्याच्याशी झालेल्या संवादात उघड होते. या दृष्टीने नताली झेमॉन डेव्हिस (१९२८–२०२३) यांच्या देनी क्रूझे या इतिहासकाराबरोबरच्या, २००४ मध्ये फ्रेंचमध्ये ग्रंथरूपाने आलेल्या मुलाखती अभ्यासनीय आहेत. प्रस्तुत लेखात त्यांच्या सर्वाधिक गाजलेल्या विषयापुरताच विचार केला आहे.

दक्षिण फ्रान्समधील आर्तिगा या खेड्यातून मार्तँ गेर हा शेतकरी १५४८ मध्ये नाहीसा झाला. १५५६ मध्ये आर्नो द्यु तिल नावाचा इसम 'मीच मार्तँ' म्हणत परतला आणि मार्तँची पत्नी बेरत्रांद हिच्यासोबत तीन वर्षांहून अधिक काळ राहिला. पुढे चुलत्याशी मालमत्तेवरून वाद झाला व प्रकरण न्यायालयात गेले. रियच्या न्यायालयाने देहदंड सुनावला. तुलूजच्या वरिष्ठ न्यायालयाचा कल मात्र आरोपीच्या बाजूने झुकत असतानाच, १५६० मध्ये, लाकडी पायाचा खरा मार्तँ समोर उभा राहिला! आर्नोला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आर्तिगातच फाशी देण्यात आले. न्यायाधीश जाँ द कोरास यांनी १५६१ मध्ये या खटल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

दानिएल विन्य यांच्या १९८२ च्या चित्रपटाला डेव्हिस यांनी ऐतिहासिक सल्ला दिला होता. तथापि गेर कुटुंबाचे बास्क मूळ, ग्रामीण प्रोटेस्टंट पंथाचा प्रभाव यांसारख्या बाबी पडद्यावर आल्या नाहीत. या असमाधानातून १९८३ चा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात बेरत्रांद ही फसलेली अबला नसून जाणती सहभागी ठरते.

रॉबर्ट फिनले यांनी १९८८ मध्ये यावरच आक्षेप घेतला. कोरास यांच्या दृष्टीने ती फसवली गेलेली स्त्री होती. मग डेव्हिस यांची बेरत्रांद कोणत्या कागदातून आली? त्याच वर्षी दिलेल्या उत्तरात डेव्हिस यांनी आपली मांडणी सोडली नाही. शेतकरी स्त्रीचे वर्तन समजून घेताना तत्कालीन वारसाहक्क, विवाहविषयक कायदा आणि ग्रामरीती हीदेखील साधनेच होत, अशी त्यांची भूमिका दिसते. ग्रंथाच्या प्रारंभीच काही भाग आपल्या कल्पनेचा असल्याचे त्यांनी नमूद केले होते, हे टीकाकार सहसा विसरतात. प्रस्तुत लेखकाच्या मते फिनले यांचा प्रश्न रास्त आहे. मात्र त्यांचा निकष काटेकोरपणे लावल्यास बेरत्रांदविषयी न्यायाधीशाचे मत तेवढे हाती उरते. आणि कोरास यांच्यासमोर ती साक्षीदार म्हणून उभी होती, जिच्या एका शब्दावर तिचा स्वतःचा जीव अवलंबून होता.