मोडक्या जनुकांचे कूळ

माणसाच्या जीनोममध्ये प्रथिने घडवणारी जनुके सुमारे 20,000, आणि त्यांच्यासारखीच दिसणारी पण प्रथिन न घडवणारी छद्मजनुके 14,000 च्या आसपास. यातली बहुतेक उलट्या वाटेने आली. जनुकाची आरएनए प्रत निघते, तिच्यातले प्रथिनासाठी न लागणारे तुकडे, म्हणजे इंट्रॉन, छाटले जातात. मग एल-वन या फिरत्या डीएनएचे एन्झाइम कधीतरी त्या छाटलेल्या प्रतीवरूनच पुन्हा डीएनए बनवते आणि तो भलत्याच ठिकाणी घुसतो. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत मशिनिंग झालेल्या कास्टिंगवरूनच नवा पॅटर्न केला, तर श्रिंकेजसाठी आणि मशिनिंगसाठी सोडायचे वाढीव माप त्यात नसते. त्यावर ओतलेला माल मापाला कमीच भरणार. इथेही जनुक चालू करणारा प्रमोटर प्रतीत सहसा उतरलेलाच नसतो. इंट्रॉन नाहीत आणि शेवटी ‘ए’ अक्षरांची रांग आहे, यावरून हे कूळ ओळखू येते.

दुसरी वाट दुहेरीकरणाची, म्हणजे जनुकाची जादा प्रत होऊन ती मोडण्याची, आणि तिचे उत्तम उदाहरण मुंबईतच सापडते. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये बॉम्बे रक्तगटाची नोंद केली. त्याच्याशी संबंधित 19 व्या गुणसूत्रावर एफयूटी1, एफयूटी2 आणि सेक1 ही दुहेरीकरणातून झालेली तीन जनुक-भावंडे शेजारी-शेजारी आहेत. पहिले तांबड्या पेशींवरचा एच प्रतिजन घडवते, दुसरे लाळेतला. तिसरे माणसात छद्मजनुक होऊन बसले आहे. भारतातल्या बॉम्बे गटात सहसा एफयूटी1 मधले 725 वे अक्षर बदललेले असते आणि एफयूटी2 अख्खे गळालेले, म्हणून एच प्रतिजन बनतच नाही. तरी एफयूटी1 ला कुणी छद्मजनुक म्हणत नाही, कारण हा गट मुंबईतही दहा हजारांत एखाद्याचाच. जनुक नुसते मोडून भागत नाही, मोडलेले रूप साऱ्या जातीत पसरावे लागते. आणि ते पसरते नुकसान भरून निघत असेल तिथे. क जीवनसत्त्व बनवणारे गुलो जनुक फळे खाणाऱ्या आपल्या वानरपूर्वजांत असेच गेले, तेही दुसरी प्रत नसताना.

छद्मजनुकांना मोडकी म्हणण्यावर आक्षेप येतो की पीटीईएनपी1 हे छद्मजनुक काम करते, असे 2010 मध्ये दिसले. खरे आहे: त्याचा आरएनए मूळ जनुकाला दाबणारे मायक्रोआरएनए स्वतःकडे अडकवतो. पण प्रथिन ते आजही घडवत नाही. नंतर काम मिळाले म्हणून उत्पत्ती बदलत नाही. सगळ्यांना सरसकट ‘कचरा’ म्हणणे मात्र चूकच.

एच प्रतिजनच नसल्याने बॉम्बे गटाच्या माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही. घरात कुणाचा हा गट निघाला, तर सख्ख्या भावंडांनी तपासणी करून रक्तपेढीत नाव नोंदवावे.