श्रीरंगपट्टणचे आरमार आणि उथळ पाणी

म्हैसूर राज्याची तत्कालीन राजधानी श्रीरंगपट्टण समुद्रापासून दूर, पठारावर, कावेरीच्या बेटावर वसलेली. 1763 मध्ये हैदर अलीने बिदनूर जिंकले, मंगळूर व होन्नावर ही बंदरे त्याच्या हाती आली आणि या पठारी राज्याला आरमाराची आकांक्षा जडली. त्या आरमाराच्या अपयशाची मीमांसा बहुधा फितुरी आणि इंग्रजांचे बळ यांपाशी थांबते. किनाऱ्याचा विचार मात्र राहून जातो.

घाटातून वेगाने उतरणाऱ्या नद्या येथे मुखाशी वाळूचा दांडा रचतात. पावसाळा सरला की त्याची जागा आणि त्यावरील पाणी बदललेले असते. शिसे बांधलेली दोरी सोडून पाणी मापीत, भरतीची वेळ साधून तांडेल आत शिरे; पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडे. मराठ्यांची गुराबे व गलबते याच पाण्यासाठी घडली होती. गुराब रुंद असून त्याचा तळ पाण्यात फारसा बुडत नसे. गलबत क्वचितच 70 टनांहून मोठे. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ही चालत. पाठलागावरचे भारी जहाज बाहेर खोळंबे, गलबत खाडीत दिसेनासे होई. 1665 च्या बसरूर स्वारीत शिवाजी महाराजांबरोबर 85 लहान व 3 मोठी जहाजे होती, असे कारवारच्या इंग्रज वखारीने नोंदविले आहे. गोकर्णाहून त्यांनी बहुतेक ताफा परत धाडला आणि फौजेला नद्या उतरण्यासाठी 12 लहान जहाजे तेवढी ठेवली. संपूर्ण ताफ्याच्या वर्णनापेक्षा हा 12 चा आकडा अधिक बोलका आहे.

डिसेंबर 1780 मध्ये ॲडमिरल ह्यूजने मंगळूरला हैदरची जहाजे नष्ट केली. हे काम त्याच्या प्रचंड युद्धनौकांनी नव्हे, तर त्यांवरून सोडलेल्या होड्यांनी केले. टिपू सुलतानाने यातून वेगळाच बोध घेतला. 1796 च्या हुकुमाने त्याने 20 मोठ्या युद्धनौका व 20 फ्रिगेटी बांधण्याचे ठरविले. योजना भव्य होती, तिच्यात दूरदृष्टीही होती. परंतु नेत्रावती-गुरुपूर नद्यांच्या मुखावर पाणी किती, हा हिशेब दरबारापेक्षा बंदरावरच्या तांडेलाला अधिक ठाऊक असणार. योजना पुरी होण्याआधीच, 1799 मध्ये, श्रीरंगपट्टण पडले.

मोठ्या जहाजांसाठी पुढे मंगळूरच्या उत्तरेस पणंबूर येथे किनारा खोदून नवे बंदर करावे लागले. 1974 मध्ये ते महाबंदर म्हणून घोषित झाले. नदीमुखातील जुना धक्का लहान जहाजांकडेच राहिला.