डेंटलला जायचंय? मग नीटची तयारी आठवी-नववीपासून

दरवर्षी जून महिन्यात आमच्याकडे पालक येतात. हातात नीटचा निकाल, बाजूला मान खाली घातलेला मुलगा किंवा मुलगी. प्रश्न एकच असतो, "सर, एवढ्या मार्कांत एमबीबीएस नाही तर निदान डेंटल तरी होईल का?" हा "निदान" शब्द आम्हाला खटकतो. बीडीएस हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप असा पूर्ण वैद्यकीय व्यवसाय आहे. मुलीला हाताचं बारीक काम आवडत असेल, तर तो पहिल्या पसंतीनेही निवडता येतो. पण दार तेच आहे. एमबीबीएस आणि बीडीएस दोन्हींसाठी नीट-यूजी ही एकच परीक्षा, तोच पेपर, तेच गुण. डेंटलसाठी वेगळी सोपी परीक्षा असते, हा गैरसमज अजूनही आपल्या मोहल्ल्यांत आहे.

पेपरचं स्वरूप आधी समजून घ्या. 180 प्रश्न, 720 गुण, तीन तास. भौतिकशास्त्राचे 45, रसायनशास्त्राचे 45 आणि जीवशास्त्राचे 90 प्रश्न. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीच्या उत्तराला 1 गुण वजा. उत्तरं ओएमआर शीटवर काळ्या बॉलपेनने गोल भरून द्यायची. एकदा भरलेला गोल खोडता येत नाही. बसण्यासाठी वय प्रवेशाच्या वर्षाच्या 31 डिसेंबरला 17 पूर्ण हवं. बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. पहिल्या तिघांत मिळून खुल्या वर्गाला 50 टक्के, ओबीसीसह आरक्षित वर्गांना 40 टक्के लागतात. नियमांत दरवर्षी थोडाफार बदल होतो, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचा. क्लासवाल्याच्या व्हॉट्सअॅप मेसेजवर विसंबू नका.

मराठीत पेपर 2017 पासून आणि उर्दूत 2018 पासून मिळतो. उर्दूसाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं होतं, हे आजच्या मुलांना माहीत नसतं. मराठीचा पर्याय महाराष्ट्रातील केंद्रांवर, उर्दूचा देशभरातील केंद्रांवर असतो. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न अंतिम मानला जातो.

खरी अडचण मात्र पेपरच्या भाषेची नाही, अकरावीच्या वर्गाची आहे. उर्दू माध्यमाची पोरं दहावीला चांगले मार्क घेऊन येतात आणि अकरावी सायन्सला इंग्रजीत शिकवणारं ज्युनियर कॉलेज मिळतं. कालपर्यंत जे "खलिया" होतं, मराठी शाळेत "पेशी" होतं, ते आता "सेल" होतं. "इसराअ" आणि "त्वरण" हे "अॅक्सिलरेशन" होतं. मुलाला विषय कळत असतो, शब्द कळत नसतो, आणि तो गप्प बसतो. पहिले चार महिने असेच जातात. म्हणून आम्ही आठवीपासून मुलांना एक वही करायला लावतो. एका ओळीत उर्दू, मराठी आणि इंग्रजी संज्ञा, रोज पाच. दहावीपर्यंत दोन हजारांच्या पुढे शब्द होतात. खर्च एका वहीचा.

आठवी-नववीत क्लास लावा असं आम्ही म्हणत नाही. दुसरी गोष्ट गणिताची. नीटमध्ये गणित विषय नाही, म्हणून अनेक जण अकरावीला तो टाळतात. ते चालतं. पण भौतिकशास्त्राचा पेपर कॅल्क्युलेटरशिवाय सोडवायचा असतो. अपूर्णांक, घातांक, साधी त्रिकोणमिती हाताला नसेल तर सूत्र पाठ असूनही उत्तर येत नाही. नववी-दहावीचं गणित मनापासून करा.

पुस्तकांबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. नीटचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या पुस्तकांशी जुळतो, आपल्या बोर्डाची पुस्तकं बालभारतीची. विषय बरेचसे सारखे, पण क्रम वेगळा. उदाहरणार्थ, मानवी श्वसन आणि रक्ताभिसरण एनसीईआरटीत अकरावीला आहे, बालभारतीत बारावीला. मुलगा कॉलेजच्या मागे चालला तर टेस्ट सिरीजमध्ये न शिकलेले प्रश्न येतात आणि तो घाबरतो. जीवशास्त्राची एनसीईआरटी ओळ न् ओळ वाचावी, आकृतीखालचा मजकूरसुद्धा. ही पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत. एनसीईआरटी उर्दूतही छापते, त्यामुळे उर्दू माध्यमाच्या मुलाने आधी उर्दूत वाचून मग इंग्रजीत वाचलं तर डोक्यात बसतं.

अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष, असं कोणी सांगितलं असेल तर विसरा. पेपरचा जवळपास निम्मा भाग अकरावीचा असतो. बारावीच्या दिवाळीनंतर तो उकरून काढायला बसलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. मग एक वर्ष ड्रॉप, आणि लाखाच्या घरात क्लासची फी.

वजा गुणांबद्दल एक हिशेब. चार पर्यायांपैकी काहीच माहीत नसताना गोल भरला, तर सरासरीने हाती जवळजवळ काही लागत नाही. दोन पर्याय खात्रीने चूक आहेत हे कळलं, तर उरलेल्या दोनांतून निवडणं फायद्याचं असतं. हे घरी सराव पेपरात मोजून पाहा. मुलांना ते आकड्यांत दिसलं की पटतं.

कागदपत्रांची तयारी

याबद्दल आम्ही मुद्दाम जास्त लिहितो. आमच्या एका विद्यार्थिनीला गुण पुरेसे होते. समाज बागवान, म्हणजे राज्याच्या ओबीसी यादीत. पण निकालानंतर जात वैधता प्रमाणपत्रासाठी धावपळ सुरू झाली. दादांच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात फक्त "मुसलमान" लिहिलेलं. दुसरा पुरावा सापडेपर्यंत फेऱ्या संपल्या. पोरीने वर्षभर पुन्हा अभ्यास केला. चूक अभ्यासाची नव्हती.

मोमीन, बागवान, अत्तार, मणियार, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम समाजांना राज्यात ओबीसीचा लाभ आहे. त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागतात. दादा-परदादांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, तहसीलमधील जन्म-मृत्यू नोंद, जुने महसुली कागद आजच शोधायला घ्या. जुनी नोंद मोडीत किंवा उर्दूत असेल तर तिचं प्रमाणित भाषांतर लागतं. वैधतेचा अर्ज अकरावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा पडताळणी समितीकडे करता येतो. नॉन-क्रिमीलेअर वेगळं. केंद्राच्या 15 टक्के कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं, आणि तिथे केंद्राच्या यादीत समाज आहे का ते पाहावं लागतं. यादीत नसणाऱ्यांनी ईडब्ल्यूएस पाहावं, उत्पन्न मर्यादा 8 लाख.

नावाचं स्पेलिंग हा आपल्याकडचा खास आजार. आधारवर एक "शेख", दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या स्पेलिंगचा "शेख". कुठे "मोहम्मद" पूर्ण, कुठे दोन अक्षरांत. नववीतच, दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी, सगळं एकसारखं करून घ्या. नंतर गॅझेट करत बसावं लागतं.

कुठे प्रवेश, किती खर्च

सरकारी डेंटल कॉलेजं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईतलं नायर डेंटल महापालिकेचं. पुण्यात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला डेंटल कॉलेज मुस्लिम अल्पसंख्याक संस्था आहे. महाराष्ट्राबाहेर अलीगढ आणि जामिया मिल्लियातही बीडीएस आहे, प्रवेश नीटच्याच गुणांवर. राज्यातले 85 टक्के प्रवेश सीईटी सेल करतो, त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. नीट दिली म्हणजे आपोआप नाव येत नाही.

मुलींच्या पालकांनी हे जरूर वाचावं. 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि आर्थिक दुर्बल घटकांतील, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. प्रवेश कॅप फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही.

हिजाब घालणाऱ्या मुलींना परीक्षेला बसता येतं. फक्त तपासणीसाठी केंद्रावर इतरांपेक्षा लवकर, साधारण साडेबारापर्यंत पोहोचायचं. दीड वाजता गेट बंद होतं, पेपर दोन ते पाच. केंद्र दुसऱ्या गावी आलं तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा, आणि अॅडमिट कार्डाच्या दोन प्रती वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.