मतपत्रिकेवरची नदी : टास्मानिया, १९७२ ते १९८९

१/ धरण कोठे बांधावे, एवढेच मतदारांना विचारले होते. बांधावे की नाही, हे विचारलेच नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया या बेटराज्यात १२ डिसेंबर १९८१ रोजी झालेल्या सार्वमताची ही कथा. मतपत्रिकेवर गॉर्डन नदीवरील दोनच जागा होत्या. पहिली जागा निवडली, तर तिला मिळणाऱ्या फ्रँकलिन नदीचे रानखोरे बुडणार होते.

२/ या संघर्षाची मुळे १९७२ मध्ये आहेत. जलविद्युत प्रकल्पासाठी पेडर सरोवर बुडवले जात होते आणि दोन्ही प्रमुख पक्ष प्रकल्पाच्या बाजूने होते. तेव्हा होबार्ट येथे 'युनायटेड टास्मानिया ग्रुप' स्थापन झाला. जगातील पहिला हरित पक्ष म्हणून तो ओळखला जातो. महिन्याभरातच झालेल्या निवडणुकीत त्याला सुमारे ४ टक्के मते मिळाली. जागा एकही नाही. सरोवर बुडाले.

३/ १९८१ मध्ये पहिल्या जागेला सुमारे ४७ टक्के, दुसरीला ८ टक्के मते पडली. उरलेल्या सुमारे ४५ टक्के मतपत्रिका अवैध ठरल्या. त्यांतील बहुतेकांवर मतदारांनी स्वहस्ते लिहिले होते : 'धरणे नकोत'.

४/ १९८२ मध्ये राज्यात धरणाचे कट्टर समर्थक रॉबिन ग्रे सत्तेवर आले. डिसेंबरात आंदोलकांनी कामाची वाट अडवली. बाराशेहून अधिक जणांना अटक झाली.

५/ मार्च १९८३ च्या राष्ट्रीय निवडणुकीत मजूर पक्षाने धरण थांबवण्याचे वचन दिले. बेरोजगारीसारखे इतर प्रश्नही होतेच. बॉब हॉक जिंकले. टास्मानियातील पाचही जागा मात्र विरोधी लिबरल पक्षाकडे गेल्या. ज्यांच्या दारातून नदी वाहत होती, त्यांच्यातील अनेकांना वीज आणि रोजगार हवा होता. धरण थांबवणारे सरकार निवडले ते समुद्रापलीकडच्या मतदारांनी.

६/ मग नदीवर अधिकार कोणाचा, राज्याचा की राष्ट्राचा? हे खोरे जागतिक वारसा यादीत आले होते. त्या आधारे केंद्राने केलेला कायदा १ जुलै १९८३ रोजी उच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरला. काम थांबले.

७/ १९८९ मध्ये टास्मानियाच्याच मतदारांनी ३५ सदस्यांच्या सभागृहात ५ हरित उमेदवार पाठवले. त्यांच्या पाठिंब्याविना सरकार बनणे शक्य नव्हते. पेडरच्या वेळी एकही जागा न मिळालेल्या विचाराला येथवर यायला १७ वर्षे लागली.