भिंतीवरचा तक्ता

दुखू लागले की रोग कळतो, असा आपला सर्वसाधारण अनुभव. डोळ्यांचे मात्र तसे नाही. लहानपणापासून अंधुक पाहणाऱ्या मुलाला जग अंधुकच आहे असे वाटते. मग तक्रार करणार कोण? म्हणूनच तक्रारीची वाट न पाहता तपासणी करावी लागते.

तिचे साधे साधन १८६२ साली नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे हेर्मान स्नेलेन या नेत्रवैद्याने दिले. ओळीगणिक लहान होत जाणारी अक्षरे आणि ठरावीक अंतर, एवढेच. निरोगी डोळा १२ मीटरवरून वाचतो ती ओळ ६ मीटरवरूनच वाचता आली, तर दृष्टी ६/१२. दृष्टीला असे माप मिळाले.

पुढे १८६७ मध्ये ब्रेसलाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथील हेर्मान कोहन यांनी १०,०६० शाळकरी मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ऱ्हस्वदृष्टी, म्हणजे दूरचे अंधुक दिसणे, खेड्यांतील शाळांत क्वचित आढळली. वरच्या इयत्तांत ती वाढत गेलेली दिसली. अंधारे वर्ग आणि गैरसोयीची बाके यांना त्यांनी दोष दिला. एकेका मुलाचे दुखणे असे साऱ्या समाजाचा प्रश्न ठरले.

तक्त्याची मर्यादाही आपण ओळखली पाहिजे. काचबिंदूत बहुधा कडेची दृष्टी आधी जाते. शेवटची ओळ स्पष्ट वाचणाऱ्यालाही तो असू शकतो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर केवळ तक्त्यावर विसंबू नये. नेत्रवैद्याकडून डोळ्यांची पुरी तपासणी करून घ्यावी, असे आम्हांला वाटते.