हत्तीवाली मोटार

आमच्या फोटोग्राफी मंडळाची सहल फ्रान्समधल्या म्युलूजला गेली. माणसं अकरा, कॅमेरे चौदा. जुन्या मोटारींचं ते संग्रहालय. समोर बुगाटी रॉयाल! पोटात 12.7 लिटरचं इंजिन, नाकाडावर सोंड उंचावलेला हत्ती. जगात अशा फक्त 6, त्यांतल्या 2 इथं. 'बाप्पा इथंही!' म्हणत अध्यक्षांनी एकट्या हत्तीचेच चाळीस फोटो घेतले.

माझं लक्ष मात्र इमारतीकडे. ही मूळची लोकरीची सूतगिरणी. हान्स आणि फ्रिट्झ या श्लुम्फ बंधूंनी गिरण्यांच्या पैशातून 400 वर मोटारी गुपचूप जमवल्या. मग गिरण्या बुडाल्या, मालक स्वित्झर्लंडला पसार! पोटावर पाय आलेले कामगार 1977 साली आत घुसले. बघतात तो पॅरिसच्या पुलावरच्यासारखे शेकडो दिवे आणि खाली मोटारींच्या रांगाच रांगा! बिचाऱ्यांनी दोन वर्षं तिथंच ठाण मांडलं, पण मोटारी शाबूत ठेवल्या. (एक ऑस्टिन तेवढी पेटवली. तेवढा राग माणसाला येणारच की हो!) 1982 साली रीतसर संग्रहालय उघडलं.

घरी हिनं सगळे फोटो पाहिले.

"अहो, यात माणूस एकही कसा नाही?"

"आहे ना. तो बंपर बघ. त्यात अध्यक्ष उलटे दिसताहेत."